आवर्तसारणीवरून आयनाचा प्रभार कसा ओळखावा?

प्रत्येक मूलद्रव्याच्या आयनावरील प्रभार पाठच करावा लागतो, की आवर्तसारणीतील स्थानावरून तो ओळखता येतो, असा आपला प्रश्न आहे. सारणीच्या दोन्ही कडांना तो बहुतांशी ओळखता येतो; मधल्या भागात मात्र केवळ स्थान पाहून भागत नाही.

कडेच्या मूलद्रव्यांसाठी जवळचा निष्क्रिय वायू (सारणीच्या शेवटच्या, १८व्या स्तंभातील मूलद्रव्य) शोधावा आणि तो किती घरे दूर आहे ते मोजावे. सोडिअम निऑनच्या एक घर पुढे आहे, म्हणून एक इलेक्ट्रॉन गमावल्यावर त्याच्या आयनावर +१ प्रभार येतो. त्याच रीतीने मॅग्नेशिअमवर +२ आणि ॲल्युमिनिअमवर +३. क्लोरीन अरगॉनच्या एक घर मागे असल्याने त्याच्यावर −१ येतो. गण (उभे स्तंभ) १५ ते १७ मधील अधातूंसाठी गणाच्या क्रमांकातून १८ वजा केले की प्रभार चिन्हासह मिळतो: नायट्रोजन −३, ऑक्सिजन −२, फ्लोरीन −१.

अष्टक (बाह्यतम कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण झाले की अणू स्थिर होतो, हे नेहमीचे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते, कारण खरा प्रश्न ऊर्जेचा आहे. सोडिअमचा पहिला इलेक्ट्रॉन काढण्यास सुमारे ४९६ किलोज्यूल प्रति मोल ऊर्जा लागते, तर दुसरा आतल्या कवचातला असल्यामुळे त्यासाठी सुमारे ४५६२ लागते. मॅग्नेशिअमच्या बाबतीत हीच उडी दुसऱ्या आणि तिसऱ्या इलेक्ट्रॉनच्या दरम्यान येते. एवढी ऊर्जा रासायनिक अभिक्रियेतून भरून निघत नाही, म्हणून प्रभार तेथेच थांबतो. उलट, ऑक्सिजनला दुसरा इलेक्ट्रॉन देण्यासाठी ऊर्जा खर्चच करावी लागते, अष्टक पूर्ण होत असले तरी. ऑक्साइड आयन टिकतो तो स्फटिकात भोवतालच्या धन आयनांच्या आकर्षणामुळे.

अपवादांपैकी बोरॉन आणि कार्बन साधारणपणे साधे आयन न बनवता इलेक्ट्रॉन वाटून घेऊन सहसंयुज बंध करतात. हायड्रोजनवर बहुधा +१ मानतात, परंतु सोडिअम हायड्राइडमध्ये तो −१ असतो. कथिल आणि शिसे यांची +२ व +४ अशी दोन्ही रूपे आढळतात.

सारणीच्या मधल्या भागातील संक्रामक मूलद्रव्यांमध्ये बाह्यतम कवचातील आणि त्याच्या आतील डी-उपकवचातील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा जवळजवळ असल्याने किती इलेक्ट्रॉन जातील हे संयुगानुसार बदलते: लोहाचे +२ आणि +३, तांब्याचे +१ आणि +२. जस्त +२ आणि चांदी +१ एवढे तेवढे लक्षात ठेवावे. इतरांसाठी संयुगाच्या सूत्रावरून गणित करावे. दोन लोह व तीन ऑक्सिजन असलेल्या ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनचा एकूण प्रभार −६, म्हणून प्रत्येक लोहावर +३. तीन लोह आणि चार ऑक्सिजन असलेल्या मॅग्नेटाइटमध्ये मात्र हेच गणित आठ-तृतीयांश असे उत्तर देते. त्याचा अर्थ इतकाच की तेथील तीनपैकी एका लोहावर +२ आणि दोघांवर +३ प्रभार आहे.