ओव्हन नको, पण थर नीट हवेत: स्ट्रॉबेरी पुडिंगबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात बिस्किटं, चक्का आणि स्ट्रॉबेरी यांचं ओव्हनशिवाय होणारं पुडिंग दिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. ज्यांच्या हाताशी तो अंक नाही त्यांच्यासाठी प्रमाण पुन्हा देतो. २० सेंटिमीटरच्या चौकोनी काचेच्या भांड्याला २०० ग्रॅम मारी बिस्किटं, ८० ग्रॅम बटर, ४०० ग्रॅम चक्का, २०० मिली व्हिपिंग क्रीम, १०० ग्रॅम पिठीसाखर आणि वरच्या थराला ३०० ग्रॅम स्ट्रॉबेरी, ६० ग्रॅम साखर. आठ जणांना पुरतं.

रात्री करून ठेवलं तर सकाळी तळाला पाणी साचतं आणि बिस्किटाचा लगदा होतो. फ्रिज तर चांगला आहे, मग चुकतं कुठं? – एक वाचक, लातूर

फ्रिजचा यात दोष नाही. पाणी येतं ते चक्क्यातून आणि फळातून.

आधी चक्का. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दही तीन-चार तासांत लागतं आणि तसंच ओट्यावर राहिलं तर आंबट होऊन त्याला पाणी सुटतं. म्हणून दही लागलं की लगेच फ्रिजमध्ये टाका. ते फडक्यात बांधून बाहेर खुंटीला टांगायची सवय या दिवसांत सोडा. चाळणीत ठेवा, खाली पातेलं, वर ताटली आणि त्यावर वजन, हे सगळं रात्रभर फ्रिजमध्येच. फुल क्रीम दुधाच्या एक लिटर दह्यातून साधारण ३५० ते ४०० ग्रॅम चक्का निघतो. अर्धा किलोच्या वर भरला तर त्यात अजून पाणी आहे असं समजा. चक्क्याचा गोळा कागदी रुमालावर दोन मिनिटं ठेवून बघा, कागदावर ओला डाग पसरला तर आणखी निथळू द्या. साखर पिठीच घ्या आणि थर लावायच्या वेळीच मिसळा. साखर पडली की चक्का सैल होतो, हे श्रीखंड करणाऱ्यांना सांगायला नको.

आता फळ. चिरलेल्या स्ट्रॉबेरीवर साखर भुरभुरली की ती फळातलं पाणी बाहेर ओढते, तासाभरात वाटीत रस जमतो. तशा कच्च्या फोडी चक्क्यावर रचल्या तर तो रस खाली उतरणारच. त्यासाठी २०० ग्रॅम फळ साखरेबरोबर मंद आचेवर सात-आठ मिनिटं शिजवा, एक चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे पाण्यात कालवून घाला आणि रस चमच्याच्या पाठीला धरू लागला की उतरवा. पूर्ण गार झाल्यावरच ओता. उरलेलं १०० ग्रॅम कच्चं फळ वाढताना वर ठेवा. स्ट्रॉबेरी देठासकट धुवा, पुसा आणि मग देठ काढा. आधी देठ काढलं तर धुताना पाणी आत शिरतं. मार्चनंतर महाबळेश्वरचा ताजा माल आपल्या बाजारात विरळ होतो, तेव्हा फ्रोझन वापरायला हरकत नाही, पण ती वितळू न देता थेट कढईत टाका आणि तीन-चार मिनिटं जास्त आटवा.

बिस्किटाचा चुरा रव्याइतका बारीक हवा. बटर घातल्यावर लाडवासारखा मुठीत वळला गेला पाहिजे. तो वाटीच्या बुडाने घट्ट दाबून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. एक दिवस आधी करायचं असेल तर त्यावर ५० ग्रॅम वितळवलेलं पांढरं चॉकलेट ब्रशने पसरा. तो पापुद्रा ओल खाली जाऊ देत नाही. बटरऐवजी तूप चालतं, पण ६० ग्रॅमच घ्या. तुपात पाणी नसतं, जास्त झालं तर फ्रिजमध्ये थर दगडासारखा होतो आणि चमचा शिरत नाही.

क्रीम कितीही फेटलं तरी घट्ट होत नाही. एकदा तर लोणीच निघालं. – एक वाचक, बीड

दोन्ही वेळचं कारण वेगळं आहे. साध्या पुड्यातल्या फ्रेश क्रीममध्ये २५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, ते फेटून उभं राहत नाही. पुड्यावर किमान ३० टक्के लिहिलेलं व्हिपिंग क्रीम हवं. आणि लोणी निघालं ते उष्म्यामुळे किंवा जास्त फेटल्यामुळे. स्टीलचं भांडं आणि बीटरची पाती वीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, भांडं बर्फाच्या परातीत बसवा आणि हे काम सकाळी लवकर उरका, दुपारी स्वयंपाकघर भट्टीच असतं. पात्यांच्या रेघा टिकू लागल्या की थांबा. रवाळ दिसू लागलं तर दोन चमचे गार क्रीम घालून हाताने हलवा, बहुतेक वेळा सावरतं. पिवळे कण आणि ताक वेगळं झालं असेल तर मात्र लोणीच काढून घ्या.

वनस्पती तेलाचं गोड व्हिपिंग क्रीम उन्हाळ्यात जास्त टिकतं, चवीला मात्र दुधाच्या क्रीमची सर त्याला येत नाही. ते वापरलं तर पिठीसाखर ४० ग्रॅमवर आणा. आणि गावात फक्त फ्रेश क्रीम मिळत असेल तर न फेटता १०० मिली थेट चक्क्यात मिसळा. पुडिंग हलकं होणार नाही, पण बिघडणारही नाही.

घरात जिलेटिन चालत नाही. चायना ग्रास घातलं तर फळाच्या रसात गाठी झाल्या. – एक वाचक, परभणी

रस फ्रिजमधून काढून घातला असणार. चायना ग्रास ४० अंशांच्या खाली आलं की आवळतं, त्यामुळे गार रस पडताच त्याच्या गाठी होतात. २५० मिली रसाला २ ग्रॅम पावडर पुरे. ती १०० मिली पाण्यात चार-पाच मिनिटं उकळून पारदर्शक करा. फळाच्या आंबट रसात उकळू नका, आंबटपणात तिची पकड कमी होते. रस वेगळा कोमट करून त्यात गाळून घाला. बोट बुडवून सोसवेल इतकं निवलं की चमच्याच्या पाठीवरून गार चक्क्यावर सोडा. फार गरम ओतलं तर खालचं क्रीम वितळतं. या थरात कॉर्नफ्लोअर नको.

खरं तर आपल्या हवेला चायना ग्रासच बरं. जिलेटिन ३५ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे मे महिन्यात ताटात वाढेपर्यंत त्याचं सरबत. चायना ग्रास एकदा आवळलं की पुन्हा वितळायला ८५ अंश लागतात. फक्त प्रमाण वाढवू नका, थर रबरासारखा होऊन कापताना सुटा निसटतो. तयार जेली पावडर घ्यायची असेल तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघा.

रेशमासाठी तुती लावली आहे. तिची फळं स्ट्रॉबेरीच्या जागी चालतील का? – एक वाचक, जालना

उत्तम चालतील, आणि ताजी मिळतील हे वेगळंच. काळी, पूर्ण पिकलेली घ्या. मधलं हिरवं देठ कात्रीने छाटा, ओढलं तर फळ चिरडतं. तुतीला आंबटपणा कमी, म्हणून ३०० ग्रॅमला साखर ४० ग्रॅम आणि दोन चमचे लिंबाचा रस. तोडल्या दिवशीच वापरा, दुसऱ्या दिवशी बुरशी धरते. अळ्यांसाठी तुम्ही फवारणी टाळत असाल, पण शेजारच्या कापसावर कधी औषध मारलं ते विचारून घ्या. पांढरा ओटा असेल तर आधी कागद अंथरा.

लाइट गेली तर? आणि पाव्हण्यांकडं न्यायचं असेल तर? – एक वाचक, नांदेड

फ्रिज उघडला नाही तर साधारण चार तास गारवा टिकतो. मधूनमधून डोकावू नका. नेताना मोठ्या भांड्याऐवजी झाकणाच्या छोट्या डब्यांत थर लावा, थर्माकोलच्या खोक्यात खाली-वर बर्फाच्या पिशव्या ठेवा. बाहेर काढल्यावर तासाभरात संपवा. फ्रीजरमध्ये टाकून न्यायची युक्ती करू नका, वितळताना चक्का फुटतो आणि लातूरच्या वाचकांचं पाणी तुमच्याही डब्यात येईल.