रात्रभर होडीवर जागूनही दिवसा गाढ झोप का लागत नाही?

तुमचा भाऊ हर्णैहून रात्री मासेमारीला जातो, सकाळी दमून येतो, तरी दोन-तीन तासांत टक्क जागा होतो, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या घरीही हेच पाहिलंय, म्हणून सांगतो: यात त्याचा दोष नाही. होडी चालते भरती-ओहोटीवर, शरीराचं घड्याळ सूर्यावर.

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या लगेच वर सुमारे २०,००० पेशींचा पुंजका आहे. तेच मुख्य घड्याळ. त्याचा फेरा २४ तासांहून किंचित मोठा असतो. रोजचा उजेड हा फेरा २४ तासांशी जुळवून घेतो. अंधार पडला की या घड्याळाच्या हुकमाने मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचा निरोप शरीराला देणारं संप्रेरक, पाझरतं, पहाटे ते ओसरतं, अंगाचं तापमान चढू लागतं. जागरणाने झोपेचं ओझं साचलेलं असतं, म्हणून भाऊ पडल्या पडल्या झोपतो. ओझं थोडं उतरलं की घड्याळाचा ‘दिवस उजाडलाय’ हा निरोप वरचढ ठरतो.

त्यात भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. निघायची वेळ तिच्यावर ठरत असेल, तर घड्याळाला नवी सवय लागणार कशी?

बंदरातून घरी येताना गडद चष्मा लावायला सांगा, खिडकीला जाड गोधडी टांगा. परतल्यावरचा चहा मात्र बंदच करा. निघण्याआधी संध्याकाळी तासभर झोप मिळाली तर फार बरं.