नव्या गळ्यासाठी नवे रिफ

चि. मित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले आणि सोबत पाठवलेली, नव्या गायकासाठी घेतलेल्या चाचणीची तिन्ही ध्वनिमुद्रणे मी दोन-दोनदा ऐकली. नोकरीसाठी गायक बंगळुरूला गेला, अर्धा अल्बम तसाच राहिला आणि आता आपल्याला कोण ऐकणार म्हणून तुमचा ड्रमर हातपाय गाळून बसला, हे सारे समजले. तिघांपैकी पहिला मुलगा जुन्या गायकासारखा हुबेहूब गातो, म्हणून त्यालाच घ्यावे असा तुम्हा सर्वांचा कल दिसतो. माझे मत नेमके उलट आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठी मला १९८० सालापर्यंत मागे जावे लागेल.

त्या वर्षाच्या एप्रिलमध्ये ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा ‘हेवन अँड हेल’ हा अल्बम आला, तेव्हा या बँडकडून फारशी आशा कोणी ठेवली नव्हती. गायक ऑझी ऑस्बर्नसह तोवर केलेल्या आठ अल्बमांपैकी शेवटचा, १९७८ सालचा, अमेरिकेच्या खपाच्या यादीत ६९व्या क्रमांकापर्यंतच पोहोचला होता, आणि पुढच्याच वर्षी ऑझीला बँडमधून काढण्यात आले होते. ज्याचा आवाज म्हणजेच सॅबथ अशी लोकांची समजूत होती, तोच गेल्यावर उरले काय, असे चाहत्यांना वाटले असेल तर त्यात त्यांची चूक नव्हती. त्याच्या जागी रेनबो या बँडमधून बाहेर पडलेला रॉनी जेम्स डिओ आला, आणि हा अल्बम अमेरिकेत २८व्या, तर ब्रिटनमध्ये ९व्या क्रमांकापर्यंत गेला. पण क्रमांक बाजूला ठेव, आपण गाण्यांच्या बांधणीकडे पाहू.

सॅबथचे ऑझीच्या काळातले ‘आयर्न मॅन’ पुन्हा लावून ऐक. टोनी आयोमीची गिटार जी चाल वाजवते, तीच चाल ऑझी गातो. आवाज आणि रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी ती छोटी चाल, एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकून चालतात, आणि त्या गाण्याचा दरारा त्यातूनच येतो. डिओचा गळा तसा नव्हता. त्याला रिफच्या वरून, स्वरसंगतींच्या मोकळ्या जागेतून स्वतःची चाल न्यायची असे, आणि आयोमीने ती जागा त्याला करून दिली. अल्बमचे नाव ज्या गाण्याला आहे ते घे: सुरुवातीचा भारदस्त रिफ संपतो, कडवे सुरू होते आणि गिटार जवळजवळ माघार घेते. खाली गीझर बटलरचा बेस एकाच सुरावर धडधडत राहतो, बिल वॉर्डचे ड्रम त्याला धरून असतात, आणि त्या रिकाम्या मैदानात डिओ एकटा उभा राहतो. ज्याची सारी ख्याती रिफवर उभी आहे, त्या गिटारवादकाने ऐन कडव्यात गप्प बसायचे ठरवावे, ही मला त्या अल्बममधली सर्वांत धाडसी गोष्ट वाटते.

आयोमी आणि डिओ यांनी मिळून रचलेले पहिले गाणे ‘चिल्ड्रन ऑफ द सी’. आयोमीजवळ त्याचा कच्चा आराखडा आधीपासून होता, पण त्यावर शब्द आणि चाल डिओने चढवली आणि गाणे उभे राहिले. पूर्वी बँडचे बहुतेक शब्द बटलर लिहीत असे. या अल्बमचे शब्द डिओचे आहेत. म्हणजे नव्या माणसाला नुसते गायला उभे केले नव्हते, त्याला रचनेत वाटा दिला होता.

डिओचा हात आठवतो का? मैफलीत ऑझी दोन बोटांनी शांततेची खूण करीत असे. ती आपण उचलायची नाही असे ठरवून डिओने आपल्या इटालियन वंशाच्या आजीची खूण घेतली, तर्जनी आणि करंगळी वर, दृष्ट लागू नये म्हणून केलेली. आपल्या आज्या मीठ-मोहऱ्या ओवाळतात, तशातलाच हा प्रकार. आज जगभर मेटलच्या मैफलीत हीच खूण वर जाते. दुसऱ्याच्या जागेवर आलेल्या माणसाने हातवारेसुद्धा उसने घेतले नाहीत.

आम्ही महाविद्यालयात असताना नेमके याच्या उलट केले होते. गायक गेला आणि आम्ही त्याच्यासारखा आवाज शोधून आणला. मुलगा गुणी होता, पण प्रत्येक कार्यक्रमानंतर लोक त्याला एकच सांगत, की तू अगदी त्याच्यासारखा गातोस. वर्षभरात त्याने गाणे सोडले. त्याची पट्टी कोणती, हे आम्ही त्याला एकदाही विचारले नव्हते.

मोठ्या बँडांकडूनही असे होते. आयर्न मेडन या बँडमध्ये १९९४ साली ब्लेझ बेली हा नवा गायक आला. त्याचा आवाज खालच्या पट्टीचा आणि काहीसा काळोखा. १९९५च्या ‘द एक्स फॅक्टर’मधले ‘साइन ऑफ द क्रॉस’ त्या आवाजाला असे काही शोभते, की तो अल्बम लोक मानतात त्याहून खूप चांगला आहे, असे मी आजही भांडून सांगेन. मैफलींत मात्र त्याला आधीचा गायक ब्रूस डिकिन्सन याच्या गळ्यासाठी बांधलेली उंच गाणी गावी लागत, तेथे त्याची दमछाक होई आणि दोष त्याच्या माथी येई.

जूडास प्रीस्ट या बँडने ही चूक टाळली, तीही गायक नव्हे तर गिटारवादक बदलताना. के. के. डाउनिंग बाहेर पडल्यावर २०११ साली आलेला रिची फॉकनर १९८० साली जन्मलेला, म्हणजे बँडच्या ‘ब्रिटिश स्टील’ या अल्बमच्याच वयाचा, तरी त्याला गायक हॅलफर्ड आणि जुना गिटारवादक टिप्टन यांच्या बरोबरीने गीतरचनेत घेतले गेले. २०१८च्या ‘फायरपॉवर’ अल्बमच्या वेळी हॅलफर्ड ६६ वर्षांचा होता आणि टिप्टनला पार्किन्सनचा आजार असल्याचे अल्बम येण्याच्या महिनाभर आधी जाहीर झाले होते. तोच अल्बम अमेरिकेत ५व्या क्रमांकावर गेला, त्या बँडच्या तेथील साऱ्या कारकिर्दीतील सर्वांत वरच्या.

आता तुझ्या तिसऱ्या ध्वनिमुद्रणाकडे येतो. त्या मुलीला तुम्ही जुने गाणे जुन्याच पट्टीत गायला लावलेत, आणि दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज फाटला म्हणून तिला नापास केलेत. पण गाणे संपल्यावर, तुम्ही यंत्र बंद करायच्या आधी, ती स्वतःशी काहीतरी खालच्या सुरात गुणगुणते, ते नीट ऐक. तिला रविवारी पुन्हा बोलाव. जुने काही देऊ नकोस. तो तुझा अर्धवट राहिलेला संथ रिफ चार वेळा वाजव, मग गिटारच्या तारांवर हात ठेवून थांब, बेस आणि ड्रम चालू राहू देत, आणि ती काय करते ते पाहा. जे होईल ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून मला पाठव. आवाज खरखरीत आला तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.