अमेरिकेत आईला सांभाळायला भारतातल्या ओळखीच्या बाईंना ग्रीन कार्डावर आणता येईल का?

हो, कायद्याने येईल. पण मदत आत्ता हवी असेल तर हा मार्ग विसरा. हे काम ईबी-३ (नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डाचा एक प्रकार) च्या ‘अदर वर्कर्स’, म्हणजे फारसं प्रशिक्षण न लागणाऱ्या कामांच्या गटात मोडतं. आधी कामगार खात्याकडून त्या भागातला प्रचलित पगार ठरवून घ्यायचा, जाहिराती देऊन स्थानिक माणूस मिळत नाही हे दाखवायचं (या प्रक्रियेला ‘पर्म’ म्हणतात), मग इमिग्रेशन खात्याकडे आय-१४० हा मालकाचा अर्ज भरायचा. पगाराची ऐपत टॅक्स रिटर्नवरून दाखवावी लागते. पर्मचा खर्च, वकिलासकट, तुमचाच. बाईंकडून घेणं नियमबाह्य. खरी गोची ग्रीन कार्डाच्या रांगेची, आणि ती जन्मदेशावरून ठरते: व्हिसा बुलेटिन (कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला, हे सांगणारं सरकारी मासिक पत्रक) पाहा, भारतात जन्मलेल्यांची तारीख दहाएक वर्षं मागे आहे. बाईंचा किंवा सोबत येणाऱ्या नवऱ्याचा जन्म समजा नेपाळचा असेल, तर मात्र रांग बरीच लहान.