शाळेचं पत्र आणि आजीचा लाडू

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा, इयर सिक्समध्ये. वजन-उंचीचं पत्र आलं, त्यात ‘ओव्हरवेट’ लिहिलंय. ह्यांनी ते फ्रीजवर चिकटवलं. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्या म्हणतात, अंगानं भरलाय, काय बिघडलं? घरात रोज वाद. काय करू?
— एक आई, लेस्टर

उत्तर : आधी ते पत्र फ्रीजवरून काढा. पाणी प्यायला गेला की पोराला तेच दिसतंय. ते काही प्रगतिपुस्तक नव्हे. इंग्लंडमध्ये रिसेप्शन (चार-पाच वर्षांची मुलं) आणि इयर सिक्सच्या मुलांची मापं घेऊन ती १९९०च्या ब्रिटिश मुलांच्या तक्त्याशी ताडतात. त्या तक्त्यातली शंभर मुलं उंचीच्या मानानं हलक्यापासून जड अशी ओळीत लावली, तर ९१व्या जागेला पोचलं की ‘ओव्हरवेट’, ९८व्या जागेला ‘व्हेरी ओव्हरवेट’.

सासूबाईंनी बाळसं म्हणजे तब्येत हेच पाहिलंय, त्यांचा राग नको. पण त्यांना पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगा. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हाडामांसानं लहान, पण अंगावरची चरबी त्या मानानं राखून असलेली. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी स्वतःचेच आकडे छापले : दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २२.३, चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! म्हणून आपल्या मुलांत नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका, टेप घ्या. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी; १४० सेंटिमीटर उंचीला ७०च्या आत.

त्याला डाएटवर मात्र ठेवू नका. वाढत्या वयात बहुतेकदा वजन आहे तिथे थोपवलं तरी पुरतं, उंची आपलं काम करते.

माझ्या मते तुमच्या घरातली खरी गडबड दुपारी साडेतीनला होते. शाळेतलं जेवण बाराला झालेलं, पोरगा वखवखून येतो, हाताला फरसाणाचा डबा आणि ज्यूस लागतो. सात ते दहा वर्षांच्या मुलाला वरची साखर दिवसाला २४ ग्रॅमपर्यंत चालते. साध्या कोकच्या ३३० मिलीच्या एका कॅनमध्ये ३५ ग्रॅम असते. घरात ज्यूस असलाच तर १५० मिलीचा लहान पेला, दिवसातून एकदा. डब्यातला गोड आमरसही याच हिशेबात धरा (मला माहीत आहे, हे सांगणं क्रूर आहे). चार वाजता बिस्किटं नकोत, सरळ खाणंच द्या : थालीपीठ-दही, मुगाचं धिरडं, वाटीभर मटकीची उसळ. मग रात्री पोळी, भात आणि बटाट्याची भाजी एकाच ताटात लागत नाहीत. हे सगळ्यांच्या ताटाला लागू, ह्यांच्याही. पोरानं काकडी खायची आणि बाबांनी टीव्हीसमोर चिवडा, हे आठवडाभरही टिकणार नाही.

सासूबाईंना थालीपिठाचं खातं द्या. वरणभातावरच्या चमचाभर तुपावरून भांडू नका. आयपॅड बघताना नकळत पोटात गेलेला दुसरा लाडू थांबवा. आणि दहा वर्षांच्या मुलाला ‘एक घास काऊचा’ करत भरवणं आता बंद. पोट भरल्याचं त्याचं त्याला कळू द्या. शाळेतून आणायला त्याच पायी जाऊ देत, दोघांचंही चालणं होईल.

मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी. डिसेंबरात चारच्या आत अंधारतं, तेव्हा पोहणं, बॅडमिंटन, नाहीतर मंडळाचं ढोल पथक. तासभर ढोल कमरेला बांधून बघा म्हणजे कळेल. झोप किमान नऊ तास आणि आयपॅड रात्री बैठकीच्या खोलीत.

गावाकडचे व्हिडिओ कॉलवर ‘काय रे जाड्या’ म्हणाले तर तिथेच थांबवा, त्याच्यासमोर. नंतर नवऱ्याकडे तक्रार करून उपयोग नाही.

मानेच्या मागे काळपट, मखमलीसारखा पट्टा दिसला तर उटण्यानं घासत बसू नका. तो मळ नसतो, इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते. तो दिसला किंवा मुलगा रोज घोरत असेल तर जीपीची, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांची, वेळ घ्या. खूप तहान लागून सारखी लघवी होत असेल तर त्याच दिवशी दाखवा.