ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) कायदा कशासाठी आहे? पगारातून कापतात, पण त्यांच्या दवाखान्यात कोणी जात नाही. मग उपयोग काय?

बावीस वर्षं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत टाइम ऑफिस सांभाळलं. मस्टर, पगारपत्रक, पीएफ-ईएसआयची चलनं यातच केस पिकले. हा प्रश्न दर पगाराला कुणी ना कुणी विचारायचंच आणि मी ‘कायदा आहे बाबा’ म्हणून वाटेला लावायचो. आज नीट सांगतो, कारण हाच प्रश्न आमचे साडू मला वर्षानुवर्षं टोमणा म्हणून विचारतात.

साडूंचं प्रेसचं वर्कशॉप आहे. माणसं चौदा, मस्टरवर नऊ. दहा झाली की ईएसआय लागतो, म्हणून त्यांच्याकडे दहावा माणूस कायम ‘कालच आलेला’ असतो. माझा भाचा बारावीनंतर घरी बसला होता, त्याला तिथे मीच चिकटवला. बारा हजार पगार, रोख. चौथ्या महिन्यात पॉवर प्रेसखाली उजव्या हाताची दोन बोटं गेली.

साडूंनी हात झटकले नाहीत, हे खरं. खासगी दवाखान्यात नेलं, ऐंशी हजारांचं बिल भरलं, दोन महिने घरी पगार पोचवला. मग ‘ये, पॅकिंगला बसवतो’ म्हणाले. पुढे ऑर्डरी कमी झाल्या आणि पॅकिंगवाला घरी.

त्याच वर्षी आमच्या कारखान्यात अगदी असाच अपघात झाला. पोरगं लागून आठवा दिवस, आयपी नंबर (ईएसआयचा विमा नंबर) नुकताच निघालेला, एक रुपयाही कापला गेला नव्हता. अपघाताचा रिपोर्ट मी त्याच संध्याकाळी भरला. कामावर झालेल्या इजेला अमुक दिवस भरलेच पाहिजेत अशी अट नसते. घरी होता तोवर पगाराच्या 90 टक्के मिळत राहिले. नंतर अपंगत्व किती टक्के ते ठरवणारं मेडिकल बोर्ड. सोबत मी गेलो होतो. डॉक्टरांनी टेबलावरचं पेन उचलायला लावलं, ते त्याने कसंबसं उचललं. मग म्हणाले, शर्टाचं बटण लाव. दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा त्याने नकळत डावा हात पुढे केला. डॉक्टरांनी मान खाली घालून लिहिलं.

एका हाताची दोन बोटं म्हणजे 20 टक्के अपंगत्व. रोज चारशेचा पगार, त्याचे 90 टक्के 360, त्याचे 20 टक्के 72 रुपये. महिन्याला दोन हजार एकशे साठ. थोडेच आहेत, पण जन्मभर, आणि महागाईमुळे अधूनमधून वाढतातही. पोरगं आता गावी शेती करतं, तरी खात्यात पैसे येतात.

साडू म्हणतात, ‘मी ऐंशी हजार घातले, तुमच्या सरकारने बहात्तर रुपये. माणुसकी कुणाची मोठी?’ अहो, मालकाच्या माणुसकीवर कामगाराचं घर चालू नये म्हणूनच तर हा कायदा आला! आधी 1923 चा भरपाईचा कायदा होता. त्यात पैसे एकट्या मालकाने द्यायचे, म्हणजे कामगाराने मालकाशीच भांडायचं. 1944 साली प्रा. बी. पी. अडारकरांनी सरकारला वेगळी योजना आखून दिली: सगळ्यांनी थोडं थोडं एका निधीत भरायचं. 1948 ला कायदा झाला, 1952 ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. आज कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन. बारा हजारांवर तुमचे 90 रुपये, मालकाचे 390. चौदा माणसांचे धरले तर साडेपाच हजारसुद्धा होत नाहीत. तेवढे वाचवायला चौदाचे नऊ!

आता जे सांगायला जड जातं ते. मालकाने नोंदणी केली नसली तरी कामगाराचा हक्क बुडत नाही. ईएसआय महामंडळ कामगाराला देतं आणि मालकाकडून वसूल करतं. हे मला पाठ होतं. पण बायकोची सख्खी बहीण त्या घरात नांदते, म्हणून मी गप्प बसलो. माझ्या बहिणीला, म्हणजे भाच्याच्या आईला, कधी सांगितलं नाही. साडूंकडच्या सत्यनारायणाला भाचा पंगतीत डाव्या हाताने वाढत होता आणि एक आजोबा त्याला रागावले, तेव्हा मी पानातून मान वर केली नाही.

दवाखान्याचं म्हणाल तर तक्रार खरी आहे. रांगा आहेत, औषधं संपलेली असतात. खोकल्याला मीही गल्लीतल्या डॉक्टरकडेच जातो. आणि ईएसआयसाठी महिन्याच्या पगाराची 21,000 ची मर्यादा 2017 च्या जानेवारीपासून हललेली नाही, पगार वाढला की माणूस बाहेर. वाढ नको म्हणणारे कामगार मी पाहिलेत. (ओव्हरटाइम त्या मर्यादेत धरत नाहीत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.) आजारपणात पगाराचे 70 टक्के हवे तर आधीच्या सहामाहीत 78 दिवस भरलेले लागतात, मिळतात वर्षाला 91 दिवस. बाळंतपणाला 26 आठवडे पूर्ण पगार.

तुमचे कापतात ना? मग आयपी नंबर मागून घ्या आणि पैसे खरंच भरले जातात का ते मोबाईलवर बघा. कापून न भरणारेही आहेत.

हे उत्तर साडूंना पाठवतोय. बहिणीलाही.