पहिल्या नाईट ड्युटीआधी

पोरा,

तुझी तुरुंगातल्या नोकरीची ऑर्डर निघाली हे आईकडून कळलं, फार बरं वाटलं. येरवडा किंवा आर्थर रोड मिळालं नाही, जिल्हा कारागृह मिळालं म्हणून तू नाराज आहेस म्हणे, अजिबात होऊ नकोस. जिल्ह्याच्या जेलमध्ये रोज संध्याकाळी कोर्टातून नवीन माणसं येतात आणि खरी जोखीम त्यांच्यातच असते. गँगवाला आला की सगळ्यांचे डोळे त्याच्यावर, झडती तीनदा. पण आयुष्यात पहिल्यांदा आत आलेला, मान खाली घालून गप्प उभा असलेला जो असतो ना, त्याच्याकडे कोणी बघत नाही.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी असाच एक आला, पस्तिशीचा, घरातल्या मारामारीची केस. अंगठा घेताना हात इतका थरथरत होता की शाई रजिस्टरभर फासली, आम्ही म्हटलं घाबरलाय. दुसऱ्या दिवशी घामाने शर्ट ओला, जेवणाचं ताट तसंच. तिसऱ्या रात्री भिंतीतून माणसं येतायत म्हणून ओरडायला लागला, तर बराकीतल्यांनी नाटक करतो म्हणून दोन ठेवून दिल्या. रोजचा पिणारा होता, दारू एकदम तुटली होती, आणि त्यात दोन-तीन दिवसांत झटके येऊन माणूस जातो सुद्धा. एका जुन्या शिपायाने सिव्हिलला न्यायचा हट्ट धरला म्हणून वाचला. रोज पितोस का, शेवटची कधी घेतलीस, एवढं पण आम्ही कोणी विचारलं नव्हतं, मला अजून त्याची लाज वाटते.

म्हणून तू विचार. फिट येते का, शुगर आहे का, खोकला किती दिवसांचा, गोळ्या कुठल्या चालू आहेत. नातेवाईकांनी दिलेली गोळ्यांची पिशवी गेटवरच पडून राहते आणि आत माणसाला फिट येते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, ती पिशवी त्याच दिवशी डॉक्टरांसमोर गेली पाहिजे. आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का हेही सरळ विचार, विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते भरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो. जामीन फेटाळला गेला, मुलाखतीला घरचं कोणी आलंच नाही, तारखेवरून येऊन जेवला नाही, अशा रात्री त्याच्यावर लक्ष ठेव. त्याला एकट्याला सेलमध्ये टाकू नको, चार समजूतदार माणसांत ठेव आणि डॉक्टरांना कळव.

राउंडची वेळ खरी लिही. रात्रभराच्या सह्या दहा वाजताच मारून ठेवणारे तुला भेटतील, त्यांचं ऐकू नको. कोठडीत मृत्यू झाला की 24 तासांत मानवाधिकार आयोगाला कळवावं लागतं, मॅजिस्ट्रेटची चौकशी लागते, आणि सगळ्यात आधी त्याच्या बापाला फोन करावा लागतो, तो मी दोनदा केलाय.

गर्दीचं मात्र तुझ्या हातात थोडंफार आहे. देशातल्या तुरुंगांत चारातले जवळपास तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली लागलेला नाही. नवीन कायद्याचं, बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 479 नीट वाच, आधी कधीच कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने शिक्षेच्या कमाल मुदतीच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जामिनावर सोडण्यासाठी कोर्टाला लेखी अर्ज करायचं काम अधीक्षकांचं आहे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त केसेस असलेले सोडून. ऑगस्ट 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने हे जुन्या केसेसना पण लागू केलं. तसंच जामीन मिळून सात दिवस झाले तरी जो आतच आहे त्याचं नाव जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या) सचिवांना कळवायचं असतं. बहुतेक वेळा जामीनदार मिळत नाही किंवा पैसे नसतात, तो स्वतःहून बोलत नाही, यादी तूच काढून साहेबांच्या टेबलावर ठेव.

पहिली नाईट झाली की झोप काढून मला फोन कर. त्या दिवशी आत आलेल्यांची नावं तुला तोंडपाठ आहेत का, हे मी पहिलं विचारणार आहे.

तुझा काका